टाइप जुळतो, तरी एलिमेंट का चालत नाही?

प्रश्न: एक्सएमएल स्कीमात मूळ टाइप एक्स्टेंड करून नवा टाइप केला. तरीही ‘वाहन’च्या जागी ‘ट्रक’ लिहिलं की व्हॅलिडेटर एरर देतो. असं का?

उत्तर: टाइपचं नातं जोडलंत, एलिमेंटचं राहिलं. ‘ट्रक’च्या डिक्लेरेशनमध्ये ‘सब्स्टिट्यूशनग्रुप’ या अ‍ॅट्रिब्यूटला ‘वाहन’ हे नाव द्या. दोन्ही एलिमेंट ग्लोबल हवीत आणि कंटेंट मॉडेलमध्ये ‘वाहन’ हे ‘रेफ’नेच आलेलं हवं. तिथल्या तिथे ‘नेम’ देऊन लोकल डिक्लेअर केलं असेल, तर अदलाबदल होणारच नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं! एलिमेंटचं नाव ‘वाहन’च ठेवायचं असेल, तर डॉक्युमेंटमध्ये ‘एक्सएसआय:टाइप’ने नवा टाइप सांगा. एवढं करूनही एरर आली, तर ‘वाहन’वर ‘ब्लॉक’ लावलेला नाही ना, हे तपासा. नकाशांसाठीच्या जीएमएलची स्कीमा जरूर वाचा; सब्स्टिट्यूशन ग्रुपचा इतका सढळ वापर क्वचितच दिसतो.