डॉक्टरांना मी जंगल सांगितलंच नाही

"दादा आहे ना बरोबर, मग जा," असं म्हणून मावशीनं त्याला माझ्याबरोबर सोडलं होतं. मावसभाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. सायकलचा नाद त्याला मीच लावला, पहिली एमटीबी निवडायला दुकानात मीच गेलो होतो. म्हणून पुढे जे झालं त्याची जबाबदारी माझी आहे आणि हे लिहिणंही माझंच काम आहे.

फेब्रुवारीचा महिना होता. कोल्हापूरहून गाडीवर सायकली लादून आम्ही चंदगडपर्यंत गेलो आणि पुढे तिलारी घाट सायकलवरून उतरलो. दुसऱ्या दिवशीचा बेत माझ्या मनात वर्षभर घोळत होता. धरणाखाली तिलारी नदी धरायची, कुडासे, मणेरी अशी गावं घेत, शक्य तितकं नदीच्या काठाकाठानं दोडामार्गाकडे सरकायचं आणि संध्याकाळपर्यंत गोव्यातल्या साळला पोहोचायचं. हीच नदी पुढे शापोरा होऊन समुद्राला मिळते. मध्ये कुठेतरी महाराष्ट्र संपतो, पण काठावरून जाताना ते कळतही नाही. तीच माडा-पोफळींची बागायत, तेच केळीचं बन, उतारावर त्याच काजी, म्हणजे काजूच्या बागा. नदीच्या मळ्यांत वायंगण शेती हिरवीगार उभी असते. सायकल चालवायला याहून सुंदर मुलूख मी पाहिलेला नाही, आणि जे घडलं त्यानंतरही माझं मत बदललेलं नाही.

मणेरीच्या पुढे एका घरी पाणी मागितलं. आजींनी तांब्याबरोबर गूळ दिला आणि हत्तींचं सांगितलं. "काळोख होवच्या आदी रस्त्याक लागा," एवढं दोनदा म्हणाल्या. दुपार कलत आली होती. वेळ वाचवायला मी काठ सोडून काजीतून जाणारी गुरांची वाट धरली. अर्ध्या कोसावर भावाच्या मागच्या चाकात बांबूचा काटा घुसला. नेमका टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसल्यामुळे आतलं सीलंट काही धरेना. मग ट्यूब घालायला बसलो. तो हाफ पॅण्टमध्ये, पाचोळ्यावर मांडी घालून. मी उभा राहून पंप मारत होतो. वास येत होता म्हणून पाहिलं, तर वीस-पंचवीस पावलांवर झाडाखाली वानर मरून पडलं होतं. भाऊ जवळ जाऊन बघून आला. मीही त्याला अडवलं नाही. सगळं मिळून पाऊण तास गेला असेल.

रात्री आंघोळीच्या वेळी त्याच्या कमरेला एक गोचीड चिकटलेली दिसली, मोहरीपेक्षाही बारीक. त्यानं ती नखानं खरवडून टाकली. आम्ही हसलो आणि जेवायला बसलो.

पाचव्या दिवशी कोल्हापुरात त्याला थंडी वाजून ताप भरला. डोकं इतकं दुखे की खिडकीचा उजेड सोसवेना. कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघत होत्या. दोन दिवस घरीच काढले. अंगदुखीवर मी मेडिकलमधून माझ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या आणून दिल्या. मग हिरड्यांतून रक्त दिसलं तेव्हा दवाखाना गाठला. रक्तात प्लेटलेट घसरलेल्या होत्या, म्हणून डेंग्यू धरून उपचार सुरू झाले. डॉक्टरांनी विचारलं होतं, "बाहेरगावी कुठं?" मी म्हणालो, "गोव्याकडे फिरायला गेलो होतो." माझ्या उत्तरात काजी नव्हती, पाचोळा नव्हता, मेलेलं वानर नव्हतं, गोचीड नव्हती. खोटं बोललो नव्हतो, पण डॉक्टरांना ज्याची गरज होती त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली. मावशी उशाशी बसून सहज विचारत होती, कुठं जेवलात, कुठं बसलात. भाऊ ग्लानीत वानराचं बोलला. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे नातेवाईक बांद्याकडचे होते. त्यांनी ते ऐकलं आणि ते उठून उभेच राहिले. म्हणाले, "हे आधी डॉक्टरांना सांगा." त्यानंतर रक्ताचा नमुना पुण्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेला. उत्तर आलं, माकडताप.

या आजाराचं दुसरं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलालगत माकडं आणि माणसं मरू लागली, तेव्हा याच पुण्याच्या संस्थेनं त्याचा विषाणू शोधला. अनेक वर्षं हा कर्नाटकापुरताच आजार मानला जाई. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत रुग्ण सापडले, २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आणि पुढे बांदा परिसरात. सह्याद्रीचं जंगल तिन्ही राज्यांत सलग आहे, त्यामुळे आजारही सलग पसरला. सलग नव्हती ती माझी माहिती. चंदगड तर आमच्याच जिल्ह्यात आहे, तिथून घाट उतरलं की दोडामार्ग. तरीही तिथला प्रत्येक काजीवाला जे जाणतो, ते घाटाच्या या बाजूला माझ्या कानावर आलेलं नव्हतं.

हा ताप मुख्यतः गोचिडीच्या चाव्यातून येतो, आजारी किंवा नुकत्याच मेलेल्या माकडाच्या संपर्कातूनही होऊ शकतो, पण माणसाकडून माणसाला होत नाही. वानर किंवा माकड विषाणूनं मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि नवं रक्त शोधू लागतात. म्हणजे मेलेल्या वानराभोवतालचा पाचोळा ही त्या जंगलातली सगळ्यांत वाईट जागा, आणि आम्ही तिच्या शेजारीच दुकान मांडलं होतं. हंगाम साधारण डिसेंबर ते मे. या दिवसांत गोचिडीची पिल्लं पाचोळ्यात असतात, आणि ती इतकी बारीक की शोधल्याशिवाय दिसत नाहीत. सायकलवाल्यांना जंगलात जायला हेच कोरडे महिने आवडतात. काजीचा हंगामही तोच.

म्हणून आता आम्ही कसं जातो ते सांगतो. पूर्ण पॅण्ट, पायमोजे तिच्यावरून ओढलेले, पूर्ण बाह्या. उकडतं, पण सवय होते. आरोग्य खात्याकडून मिळणारं गोचीडरोधक तेल उघड्या त्वचेवर लावतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी जायचं, तेल मागायचं आणि सध्या कुठल्या वाडीत रुग्ण आहेत तेही विचारायचं. पंक्चर झालं तर सायकल ढकलत मोकळ्या कातळावर किंवा डांबरी रस्त्यावर आणायची, रिम खराब झाली तरी चालेल. गुरांच्या वाटा टाळायच्या, कारण गोचिडी पोसल्या जातात त्या गुरांवर. मेलेलं माकड दिसलं तर तिथून निघायचं आणि ग्रामपंचायतीला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. त्या एका निरोपावर तिथं फवारणी होऊ शकते आणि काजी वेचणाऱ्या बायकांचा ताप टळू शकतो.

मुक्कामावर पोहोचल्यावर कपडे लगेच काढून गरम पाण्यात टाकायचे आणि एकमेकांचं अंग तपासायचं. काख, कंबर, जांघ, गुडघ्यामागची बाजू, कानामागे. गोचीड सापडली तर नखानं खरवडायची नाही, काडीनं चटका द्यायचा नाही, तेलही ओतायचं नाही. बारीक चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ वर ओढायची, मग साबणानं धुवायचं आणि तारीख लिहून ठेवायची. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य हेच असायला हवं की मी अमुक तारखेला अमुक जंगलात होतो. आणि ताप कसला ते कळेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनानं घ्यायची नाही. रक्तस्राव होऊ शकणाऱ्या तापात आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिनसारखी गोळी घात करते. हे मला भावाच्या हिरड्या बघितल्यावर कळलं.

माकडतापावर नेमकं औषध नाही. सलाईन, रक्तावर लक्ष आणि वाट बघणं. बाराव्या दिवशी ताप उतरला, भाऊ घरी आला. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप आणि डोकेदुखी, हातातला चहाचा कप थरथरू लागला. काही जणांत अशी दुसरी फेरी येते आणि ती मेंदूवर जाऊ शकते. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही तासाभरात दवाखान्यात होतो. पूर्ण बरा व्हायला जून उजाडला.

नदीचं थोडक्यात, पण तितकंच महत्त्वाचं. काठाचे मळे सपाट दिसतात ते पुरानं आणलेल्या गाळामुळे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिलारीला आलेल्या पुरानं दोडामार्गातली आणि खाली गोव्यातली काठची गावं पाण्याखाली घेतली. धरणातून पाणी सुटलं की खाली ऊन असतानाही पातळी चढू शकते, म्हणून पात्रातल्या वाळूवर तंबू लावायचा नाही. कॉजवेवरच्या शेवाळावर सायकल चालवायची नाही, उतरून ढकलायची. आणि पावसाळ्यात काठाच्या चिखलात जायचंच नाही असं माझं ठाम मत आहे. खरचटलेल्या पायानं साचलेल्या पाण्यातून गेल्यावर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होऊ शकतो, आणि सिंधुदुर्गात त्यानं माणसं गेलेली आहेत.

हत्ती २००२ च्या सुमारास कर्नाटकातून या भागात उतरले. संध्याकाळी ते केळी-माडांच्या बागांत येतात. सूर्य मावळायच्या तासभर आधी पक्क्या रस्त्यावर असायचं. कुठलाही वेळ वाचवायचा असो, हा तास वाचवायचा नाही. अपघात झालाच तर दोन्ही राज्यांत १०८ चालतो. दोडामार्गाचे लोक मोठ्या दुखण्याला गोव्यात बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात जातात, तुम्हीही तिकडेच जा, घरचा दवाखाना बरा म्हणून घाट चढत बसू नका.

दिवाळीनंतर आम्ही दोघं त्या आजींकडे गेलो, गाडीनं. मी काय झालं ते सांगू लागलो. त्या भावाच्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग मला विचारलं, "झिल बरो आसा मा आता?" त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आम्ही काजीतून गेलो हे ऐकून त्यांनी खिडकीतली बाटली काढून दाखवली. आरोग्य खात्याच्या बाईंनी दिलेलं तेल. "काजीत जाताना लावतंव," म्हणाल्या. फेब्रुवारीत पाणी पिताना भावानं आपली सायकल त्याच खिडकीला टेकवली होती.