सूत्रातील अणूंची मोजणी आणि झिंक सल्फेटची मात्रा

भातावरील ‘खैरा’ रोग जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे डॉ. वाय. एल. नेने यांनी १९६६ मध्ये पंतनगर येथे दाखवून दिले. त्यावरील उपाय असलेले झिंक सल्फेट आज बाजारात हेप्टाहायड्रेट व मोनोहायड्रेट अशा दोन रूपांत मिळते. दोहोंतील जस्ताचे प्रमाण भिन्न आहे. ते का, हे सूत्रातील अणू मोजल्यास कळते.

मोजणीचे नियम

१. चिन्हानंतरचा अंक त्याच मूलद्रव्याच्या अणूंची संख्या दर्शवितो. अंक नसल्यास अणू एक समजावा.
२. कंसाबाहेरील अंकाने कंसातील प्रत्येक अणुसंख्येस गुणावे.
३. टिंबानंतरच्या अंकाने त्यापुढील संपूर्ण रेणूस गुणावे.

युरियाचे सूत्र सीओ(एनएच२)२ असे आहे. दुसऱ्या नियमानुसार त्यात नत्राचे २, हायड्रोजनचे ४, कार्बनचा १ व ऑक्सिजनचा १ अणू आहे. अणुभार अनुक्रमे १४, १, १२ व १६ धरल्यास रेणुभार ६० येतो. त्यात नत्र २८, म्हणजे सुमारे ४६.७ टक्के. पोत्यावरील ४६ टक्क्यांचा आधार हाच आहे.

झिंक सल्फेटची तुलना

हेप्टाहायड्रेटचे सूत्र झेडएनएसओ४·७एच२ओ आहे. त्यात जस्त १, गंधक १, ऑक्सिजन ४ + ७ = ११ आणि हायड्रोजन १४ असे २७ अणू आहेत. मोनोहायड्रेटमध्ये पाण्याचा एकच रेणू असल्याने अणू केवळ ९ आहेत. जस्ताचा अणुभार ६५ व गंधकाचा ३२ धरल्यास रेणुभार अनुक्रमे २८७ व १७९ होतात. जस्ताचा अणू दोन्हींत एकच. परंतु त्याचा वाटा पहिल्यात २२.६ टक्के, तर दुसऱ्यात ३६.३ टक्के भरतो. खत नियंत्रण आदेशात किमान प्रमाण अनुक्रमे २१ व ३३ टक्के ठरविलेले आहे.

शेतातील अर्थ

हेक्टरी २५ किलो हेप्टाहायड्रेटमधून किमान ५.२५ किलो जस्त मिळते. तेवढेच जस्त सुमारे १६ किलो मोनोहायड्रेटमधून मिळते. मोनोहायड्रेटसाठी सांगितलेली १६ किलोची मात्रा हेप्टाहायड्रेटची दिल्यास पिकाला जेमतेम ३.४ किलो जस्त मिळेल. उलटपक्षी, २५ किलो मोनोहायड्रेट टाकल्यास सुमारे ३ किलो जस्ताचा खर्च वाया जाईल.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी शिफारस करताना खताच्या नावासोबत त्याचे रूपही सांगावे. शेतकऱ्यांनी खरेदीपूर्वी पिशवीवरील जस्ताची टक्केवारी पाहावी आणि त्यानुसार मात्रा ठरवावी.