जाळीच्या आत राहिलेलं घरटं

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही परसातल्या वाफ्यांभोवती जाळी लावली. काम अगदी चोख झालं होतं. पण त्या जाळीच्या आत सशाची तीन पिल्लं उपाशी मेली. मागे थोडीशी जागा असलेलं नवं घर कुणी घेतलं की मी त्यांना हे आवर्जून सांगते, म्हणून इथेही लिहिते आहे.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. घरामागे चारच वाफे. सासूबाई साताऱ्याहून एप्रिलात येतात आणि सप्टेंबरात परततात, त्यामुळे बाग खरी त्यांचीच. स्वयंपाकघरातल्या डब्यातले मेथीदाणे त्या एप्रिलातच पेरतात. वाल, चवळी, भेंडी मात्र रात्रीचा कडाका पूर्ण सरल्याशिवाय, म्हणजे मेच्या मध्याआधी, लावता येत नाही.

त्या वर्षी चार बोटं वाढलेली मेथी एका सकाळी मुळापर्यंत खाल्लेली दिसली. आधी हरणांवर संशय गेला. सासूबाईंनी एक देठ उचलून दाखवला: सुरीनं तिरपा छाटावा तसा स्वच्छ कापलेला. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते पाला ओरबाडतं आणि टोक फाटकं राहतं. सशाचे दात मात्र कात्रीसारखे चालतात. वाफ्याशेजारी वाटाण्याएवढ्या गोल लेंड्याही होत्या. संध्याकाळी तो दिसलाच, इथला कॉटनटेल, शेपटीखाली कापसाचा बोळा लावल्यासारखा पांढरा.

मग ओळखीपाळखीतून सल्ले सुरू झाले. लसूण-मिरचीचं पाणी शिंपडलं, ते एका पावसात धुऊन गेलं. कडेनं झेंडू लावला, ससे त्याच्या बाजूनं आत आले. कुणी डांबराच्या गोळ्या टाकायला सांगितलं. हे कृपा करून कुणीही करू नका. ते विष आहे. मातीत उतरतं, लहान मुलांच्या हाती लागतं, आणि जिथून आपण भाजी खुडतो तिथे ते टाकायचं नसतंच. पक्ष्यांसाठी मिळणारी पातळ प्लॅस्टिकची जाळी वाफ्यावर अंथरण्याचाही विचार होता. पण शेजारच्या स्ट्रॉबेरीवरच्या तशाच जाळीत पाय गुरफटलेला एक रॉबिन पक्षी मी स्वतः कात्रीनं सोडवला होता. त्या सैल जाळीत पक्षी, साप आणि सशांची पिल्लंही अडकतात. तो विचार सोडला आणि तारेची कोंबड्यांची जाळी आणली.

शनिवारी दुपारी मी आणि नवरा खुंट ठोकत होतो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आत काही पिल्लंबिल्लं नाहीत ना, ते आधी बघा गं." आम्ही बघितलं, त्यांनीही बघितलं. चूक बघण्याच्या पद्धतीत झाली. सासूबाईंचं बालपण माण तालुक्यातल्या माळावर गेलेलं. तिथल्या रानसशाची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात आणि उघड्यावर गवतात दबून बसतात. आम्ही तसंच काही शोधत होतो. कॉटनटेलची पिल्लं वेगळी. ती उघडी, आंधळी जन्मतात. मादी जमीन ओंजळभर उकरते, आत वाळकं गवत आणि स्वतःच्या पोटाचे उपटलेले केस अंथरते आणि वरून तसंच पांघरूण घालते. बघणाऱ्याला तळहाताएवढा वाळक्या गवताचा पुंजका दिसतो, बस्स. चवळीच्या वाफ्याच्या कडेला असा पुंजका होता. आम्ही तो ओलांडून ये-जा करत होतो.

त्या संध्याकाळी एक ससा जाळीच्या कडेनं धावत होता. थांबायचा, नाक तारेला लावायचा, पुन्हा धावायचा. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. मी खिडकीतून म्हटलं, "आई, जाळी चांगली बसलीय हं." त्या म्हणाल्या, "मेथीसाठी कुणी असं कासावीस होत नाही." मी ते ऐकलं आणि कामाला लागले. ही माझी चूक आजही मला बोचते.

तिसऱ्या सकाळी तण काढताना पुंजका हातात आला. खाली चार पिल्लं. तीन गार पडलेली, चौथं जरासं हललं.

जखमी वन्यप्राण्यांची देखभाल करायला इथे परवानाधारक माणसं असतात. त्यांतल्या एका बाईंना फोन केला. मी दूध कोमट करायला ठेवलं होतं, ते त्यांनी आधी बंद करायला लावलं. गाईच्या दुधानं पिल्लू दगावतं. हातमोजे घालून पिल्लू परत खड्ड्यात ठेवा, केस आणि गवत वर पसरा, त्या बाजूची जाळी उघडा आणि घरात जा, असं त्यांनी सांगितलं. हातमोजे आपल्यासाठी, कारण सशांपासून टुलरेमिया नावाचा रोग माणसाला होऊ शकतो. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असं मी लहानपणापासून ऐकलं होतं. ते खरं नाही. आई पहाटे आणि संध्याकाळी काही मिनिटंच दूध पाजायला येते. कोल्ह्याचं लक्ष घरट्याकडे जाऊ नये म्हणून एरवी ती दूरच राहते. त्यामुळे दिवसभर आई दिसली नाही, तरी पिल्लं पोरकी झाली असं धरायचं नाही.

शेवटी, आई येऊन गेली का ते कळावं म्हणून, बाईंनी घरट्यावर दोरे आडवे-उभे ठेवायला सांगितलं. सासूबाईंनी आपल्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा काढून फुलीच्या खेळासारखी चौकट मांडली. रात्री कुणाला नीट झोप लागली नाही. सकाळी दोरे बाजूला सरकलेले होते आणि पिल्लाचं पोट गोल झालं होतं.

जाळी दोन आठवडे उघडीच राहिली. मेथी गेली, ती दुकानातून आणली. साधारण तीन आठवड्यांचं झालं की कॉटनटेलचं पिल्लू घरटं सोडतं. टेनिसच्या चेंडूएवढं, कान उभे, डोळे उघडे असं पिल्लू गवतात एकटं दिसलं तर उचलू नका. ते आपल्या पायावर उभं राहिलेलं असतं.

आता आम्ही जाळी मार्चमध्ये, पेरणीच्या आधीच लावतो. पण सशांची वीण इथे हिवाळा सरताना सुरू होते आणि सप्टेंबरपर्यंत चालते. म्हणून महिना कुठलाही असो, आधी दोघांनी वाकून वाफान् वाफा तपासायचा आणि प्रत्येक वाळका पुंजका बोटांनी उचलून पाहायचा. गवत कापायचं यंत्र चालवण्याआधीही हेच करायचं, कारण सपाट हिरवळीतही घरटी असतात. जाळी बंद केल्यावर दोन दिवस पहाटे आणि संध्याकाळी नजर ठेवायची. कुणी कडेनं येरझाऱ्या घालत असेल तर लगेच उघडायची आणि पुन्हा शोधायचं.

जाळीची भोकं एक इंचाहून मोठी नकोत, नाहीतर छोटी पिल्लं आत शिरतात. कॉटनटेलला दोन फूट उंची पुरते. खाली सहा इंच पुरावी, नाहीतर तेवढीच बाहेरच्या बाजूला वाकवून जमिनीवर दाबावी. दाराखालची फट बहुतेक जण विसरतात, आम्हीही विसरलो होतो. कांदा, लसूण, टोमॅटो यांना ससे सहसा तोंड लावत नाहीत, ते बाहेर चालतात. मेथी, वाल, चवळी, बीट आत हवेत. हिवाळ्यात खायला काही उरलं नाही की ससे कोवळ्या फळझाडांची साल कुरतडतात. खोडाला तारेचं नळकांडं लावताना बर्फाची उंची धरून वर दोन फूट घ्या, कारण बर्फावर उभा राहिलेला ससा वरपर्यंत पोचतो.

ससे पकडून दूर नेऊन सोडू नका. अनेक राज्यांत परवान्याशिवाय त्याला मनाई आहे, आणि मागे पिल्लं असतील तर ती मरतात. गावाकडे शेत असणाऱ्यांनाही हे लागू आहे. रानससा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तेव्हा फास आणि नायलॉनच्या जाळ्या नकोतच. तो अंगानं मोठा, उडीही मोठी. तिथे तारेची जाळी तीन फूट तरी घ्यावी.

यंदा मेमध्ये वालाच्या वाफ्यात पुन्हा पुंजका सापडला, खाली पाच पिल्लं. त्या बाजूची जाळी आम्ही उघडी ठेवली. वाल जूनच्या पहिल्या आठवड्यात लावले. सासूबाई जायच्या आधी वेलांना फुलं आली होती. शेंगा त्यांना फोनवर दाखवल्या.