सबसिडी गेली, हप्ता कोण भरणार?

प्रश्न : मी चिखलीला (पिंपरी-चिंचवड) भाड्याने राहतो. वय ४६. भोसरीच्या एका खासगी कंपनीत स्टोअरला आहे, हातात ४८ हजार येतात. पत्नी डबे करते, तिचे खर्च जाऊन महिना १४ हजारांच्या आसपास सुटतात, पण सगळे रोखीत. मुलगा २१ वर्षांचा, डिप्लोमा करून नुकताच ट्रेनी म्हणून लागलाय, पगार १६ हजार. मुलगी दहावीत. आई आमच्याकडेच असते. घरभाडं ११ हजार आणि दुचाकीचा हप्ता ३,२०० रुपये. पीएफ सोडून ११ लाख शिल्लक आहेत. ३८ लाखांचा एक जुना वन बीएचके बघितला आहे. वडिलांच्या पश्चात गावचं स्लॅबचं घर माझ्या नावावर झालं, म्हणून आवास योजनेत बसत नाही असं कळलं. एजंट म्हणतो, मुलाला सहकर्जदार घ्या, ३० लाख वीस वर्षांसाठी मिळतील. ५१ हजार टोकन मागतोय. सबसिडीशिवाय हे घर झेपेल का?

उत्तर : आधी सबसिडीचा विषय मिटवू. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर असेल तर लाभ नाही, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुलं. शिवाय व्याज अनुदानासाठी घराची किंमत ३५ लाखांच्या आत लागते. दोन्हीकडून दार बंद, तुमचं उत्पन्न मोजायची वेळच येत नाही. पण मिळालं असतं ते तरी किती? जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. तुमच्या या फ्लॅटचं मुद्रांक शुल्कच महापालिका हद्दीत ७ टक्क्यांनी २ लाख ६६ हजार होतं, वर ३० हजार नोंदणी फी. सबसिडी गेली म्हणून घर गेलं, असं अजिबात नाही.

घर अडतं ते तुमच्या वयावर. बहुतेक खासगी कंपन्यांप्रमाणे ५८ ला निवृत्ती धरली, तर पगाराची बारा वर्षं उरली. साडेआठ टक्के व्याज धरून ३० लाख बारा वर्षांत फेडायचे तर हप्ता ३३,३०० रुपये होतो. ४८ हजारांत हे बसत नाही. सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या निम्म्यावर गेले की बँक साधारणपणे हात आखडता घेते. म्हणून एजंटने मुलाला पुढे केलं. मुदत वीस वर्षं झाली की हप्ता २६ हजारांवर येतो आणि कागदावर सगळं छान दिसतं. मात्र तुम्ही ज्या दिवशी निवृत्त व्हाल, त्या दिवशी या कर्जाचे सुमारे १८ लाख बाकी असतील. मुलगा तेव्हा तेहतीसचा असेल, कदाचित संसारात पडलेला, आणि स्वतःच्या घरासाठी बँकेत गेला की हाच हप्ता त्याच्या पात्रतेतून वजा होईल. तो ट्रेनी आहे, कायम होईल की नाही हे आज त्यालाही माहीत नाही. त्याच्या भरवशावर आत्ता सही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या घरात दुर्लक्षित राहिलेली कमाई आहे ती वहिनींची. १४ हजार ही लहान रक्कम नाही, पण बँकेच्या लेखी ती शून्य आहे. डब्यांचे पैसे त्यांच्या खात्यात यूपीआयने घ्यायला लागा, उद्यम नोंदणी करा आणि यंदापासून त्यांचं आयकर विवरणपत्र भरा. लहान धंद्याला हिशेबाच्या वह्या न ठेवता अंदाजे नफा दाखवता येतो. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं झाली की त्या सहकर्जदार म्हणून उभ्या राहतात. भिशी चालू असेल तर तिचाही विचार करा. सिबिलला ती दिसत नाही, घरखर्चाला दिसते.

घर शक्यतो एकट्या वहिनींच्या नावावर घ्या. महिलेच्या नावावरच्या निवासी घराला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे ३८ लाखांवर ३८ हजार. तुमचं नाव जोडलं की ती जाते. व्याजाच्या वजावटीसाठी तुमचं नाव हवं, असं कुणी सांगेल. पण नव्या करप्रणालीत तुमच्या पगाराला कर लागतच नाही, मग वजावट कशातून घेणार? कर्जात तुम्ही असालच.

आता शिल्लक रकमेचं बघू. ३० लाखांच्या पुढच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते आणि मुद्रांक-नोंदणी त्यात धरत नाही. ३० लाख कर्ज घेतलं तरी पदरचे आठ लाख, मुद्रांक-नोंदणीचे अडीच-तीन लाख, सोसायटीची हस्तांतर फी, एजंटची दलाली, की अकरा लाख संपले. त्यानंतर आईंना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर पहिला हप्ता चुकेल.

माझा सल्ला : दुचाकीचं कर्ज आधी फेडा. २६ लाखांच्या आसपासचं घर शोधा, २० लाख कर्ज बारा वर्षांसाठी घ्या. हप्ता २२,२०० येईल, तो तुमच्या एकट्याच्या पगारावर बसतो, आणि हातात तीन लाखांच्या आत-बाहेर उरतात. मोठंच घर हवं असेल तर दोन वर्षं थांबा, तोवर वहिनींची कागदपत्रं तयार होतील. काहीही ठरवण्याआधी भाडं आणि हा २२,२०० चा हप्ता यांतला फरक, साधारण ११ हजार, दर महिन्याला आरडीत भरून पाहा. सहा महिन्यांत एकदाही खंड पडला नाही, तर हप्ता झेपतो असं समजा.

स्वस्त घर शोधताना मात्र जपून. आळंदी, देहू, मोशी भागात कमी किमतीत फ्लॅट दिसतात, त्यातल्या काहींना भोगवटा प्रमाणपत्रच नसतं. तिथे मोठ्या बँका सहसा कर्ज देत नाहीत, पतसंस्था चढ्या व्याजाने देतात. मे २०२५ मध्ये तुमच्याच चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले, तेही लोकांनी पैसे मोजून घेतलेले होते. भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि ते ५१ हजारांचं टोकन या फ्लॅटसाठी देऊ नका.