बालकांची लसटोचणी : पालकांच्या काही शंका

'देवी काढणे' हा शब्दप्रयोग आपल्या घरांतून आता बहुतेक गेला. परंतु कित्येक आजी-आजोबांच्या दंडावर त्या टोचणीचा वण अद्याप आहे. आपल्या देशात ही लस प्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईस ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली, आणि देशातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात आढळला. रोग जगातूनच गेला, तेव्हा टोचणीही बंद झाली.

यावरून पालक विचारतात, "घटसर्प तर आम्ही डोळ्यांनी पाहिलाही नाही, मग बाळाला सुई कशासाठी?" शंका रास्त आहे. परंतु घटसर्पाचे जंतू देवीप्रमाणे नाहीसे झालेले नाहीत. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच राहतात. तेथे शेजारच्या मुलाने लस घेतली म्हणून आपल्या मुलाचे रक्षण होत नाही.

दुसरी भीती तापाची. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांना देण्यात येणाऱ्या पेंटाव्हॅलंट लशीनंतर एक-दोन दिवस ताप येतो, मांडी दुखते, मूल किरकिरते. शरीर लशीला प्रतिसाद देत असल्याची ती खूण होय. परिचारिका सांगेल त्या मापाने तापाचे औषध द्यावे, अंगावर पाजावे, टोचलेली जागा चोळू नये. टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच बसवतात ते उगीच नव्हे. क्वचित तीव्र ॲलर्जी उद्भवलीच तर उपाय हाताशी असतो. ताप फार चढला, झटका आला किंवा रडे तासन्‌तास थांबेना, तर डॉक्टरांकडे जावे आणि पुढील डोसापूर्वी ही हकीकत अवश्य सांगावी. साध्या सर्दीपडशासाठी मात्र तारीख चुकवू नये. (हजला निघालेले आजोबा मेनिंजायटिसची लस निमूटपणे घेतात, आणि नातवाच्या वेळी मात्र घरात खल सुरू होतो, ही गंमतच म्हणावयाची!)

आमचे महू हे छावणीचे गाव. बदलीच्या धांदलीत डोस राहतो, आणि "आता सारे पहिल्यापासून करावे लागेल" या समजुतीने आई केंद्राकडे फिरकतच नाही. तसे नसते. घेतलेले डोस वाया जात नाहीत. राहिले तेथून पुढे चालू करतात. मात्र काही लशींना वयाची मर्यादा आहे, म्हणून उशीर नको. सामान बांधताना लसीकरणाचे कार्ड ट्रंकेत न टाकता जवळच्या पिशवीत ठेवावे.

शिक्षक या नात्याने मला अधिक काळजी वाटते ती मोठ्या मुलांची. दीड वर्षाचा डोस झाला की काम संपले, असे बहुतेक घरी धरून चालतात. घटसर्प व डांग्या खोकल्याविरुद्धची शक्ती काळाने उतरते, म्हणून पाच-सहा वर्षांच्या वयात डीपीटीचा आणखी एक डोस असतो. पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी घटसर्प-धनुर्वाताची टीडी लस द्यावयाची असते. हे तिन्ही डोस सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. पहिला साधारण शाळेत नाव घालण्याच्या सुमारास येतो, तेव्हा जन्माच्या दाखल्याबरोबर ते कार्डही बाहेर काढून पाहावे.