क्षणजीवी संगणकाला कायमचा पत्ता

स्वतःचा सर्व्हर न बाळगता कामापुरतीच संगणकशक्ती घ्यावयाची, ही पद्धत आता रूढ झाली आहे. मागणी आली की सेवा पुरविणारी कंपनी आपल्या यंत्रावर ग्राहकाची आज्ञावली चालविते आणि चाललेल्या वेळेपुरता आकार घेते. ॲमेझॉनने २०१४ साली जाहीर केलेली ‘लॅम्डा’ ही या प्रकारची सुपरिचित सेवा होय.

अडचण कोठे येते ?

अशी आज्ञावली इंटरनेटवर विनंती पाठविते तेव्हा पाठविणाऱ्याचा पत्ता कंपनीच्या सामायिक साठ्यातील असतो. तो केव्हाही बदलतो. उलट अनेक बँका केवळ आधी नोंदविलेल्या पत्त्यांवरून आलेल्या विनंत्याच स्वीकारतात. परिणामी काल झालेला व्यवहार आज नाकारला जातो.

जावक टेबलाचा उपाय

कार्यालयात पत्रे अनेक जण लिहितात, परंतु ती एकाच जावक टेबलावरून, एकाच शिक्क्यानिशी बाहेर पडतात. येथेही तसेच करावयाचे असते. प्रथम आज्ञावली आपल्या खाजगी जाळ्याच्या आतील उपजाळ्यास जोडावी. नंतर इंटरनेटशी थेट संबंध असलेल्या दुसऱ्या उपजाळ्यात ‘नॅट गेटवे’ उभारून त्यास ‘इलॅस्टिक आयपी’ हा स्थिर पत्ता द्यावा. शेवटी आतील उपजाळ्याच्या मार्गतक्त्यात बाहेरची सर्व वाहतूक या गेटवेकडे वळवावी. आज्ञावली थेट बाहेरच्या उपजाळ्यास जोडण्याची चूक अनेकांकडून होते. तेथे तिला सार्वजनिक पत्ता मिळत नाही व आयपीव्ही४ मार्गाने इंटरनेटही गाठता येत नाही.

खर्च आणि दक्षता

गेटवेचा आकार, तो रिकामा असला तरी, तासावर पडतो. शिवाय वाहतुकीच्या प्रमाणातही द्यावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासही ताशी ०.००५ डॉलर आकार आहे. म्हणून खरोखर गरज असेल तेथेच ही व्यवस्था करावी. खंड पडू नये म्हणून दोन गेटवे ठेवल्यास दोन्ही पत्ते बँकेस कळवावेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, पत्ता म्हणजे ओळख नव्हे. त्या गेटवेमागील प्रत्येक आज्ञावली तोच पत्ता वापरते; सबब गुप्त किल्ली व स्वाक्षरी यांची तपासणी कायम ठेवावी. पत्ता सोडण्यापूर्वी तो बँकेच्या यादीतून अवश्य वगळावा. सोडलेला पत्ता उद्या दुसऱ्या ग्राहकास मिळू शकतो आणि आपण उघडून ठेवलेले दार परक्यास मोकळे होते.