मंदीनंतर नवे तंत्र येते कोठून?

सभासद शिक्षण वर्गासाठी अभ्यासलेख



कोर्टकचेरी, दवाखाना किंवा बाजाराच्या निमित्ताने नाशिकला जाणाऱ्या आपल्या प्रत्येकाला द्वारकेचा चौक ठाऊक आहे. मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता मिळतो तो हा चौक. त्या बाजूच्या पंपावर आपण मोटारसायकलमध्ये पाच लिटर पेट्रोल भरले, तर आज त्यातले जवळजवळ एक लिटर इथेनॉल असते. त्यातले काही मक्याचे, काही तांदळाचे, आणि काही आपल्यासारख्यांच्या उसाचे. पंचवीस वर्षांपूर्वी गटसभेत कोणी हे सांगितले असते, तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते.

हा बदल आला कोठून? पुष्कळांचे म्हणणे असते, "साखरेचा भाव पडला, कारखाने अडचणीत आले, म्हणून सरकारने इथेनॉल काढलं." हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजून घेणे हा आजचा धडा. साखरेला तेजी-मंदी चुकलेली नाही आणि पुढेही चुकणार नाही. तेव्हा पुढच्या मंदीत आपल्या हाताशी काय असेल, हे आजच ठरत असते.

१. मंदी कशी आली

२०१७-१८ च्या हंगामात देशात सुमारे ३२५ लाख टन साखर झाली. देशाचा खप सुमारे २५५ लाख टन. गोदामे भरली, भाव उत्पादन खर्चाच्या खाली गेला आणि ठिकठिकाणी उसाची बिले थकली. जून २०१८ मध्ये केंद्र सरकारला साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये असा बांधून द्यावा लागला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ रुपये केला. त्याच २०१८ सालच्या जैवइंधन धोरणाने बी हेवी मळीपासून आणि थेट उसाच्या रसापासून इंधनाचे इथेनॉल करायला वाट मोकळी केली. बी हेवीच्या इथेनॉलला वेगळा दर ठरला आणि आसवनी उभारण्यासाठी कर्जाच्या व्याजात सवलत मिळाली.

२. तंत्र मात्र जुनेच होते

आता मागे जाऊन पाहा. इंधनात अल्कोहोल मिसळण्याविषयीचा पॉवर अल्कोहोल कायदा आपल्या देशात १९४८ साली झाला. २००१ मध्ये प्रायोगिक मिश्रणासाठी देशातली जी ठिकाणे निवडली, त्यांत महाराष्ट्रातली मिरज आणि मनमाड ही दोन होती, आणि तिसरे उत्तर प्रदेशात बरेलीकडे. म्हणजे हा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, मनमाडला झालेला आहे! जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले.

मग गाडी अडली कोठे? इथेनॉलचा दर परवडेना. मद्य आणि रसायन उद्योग त्याच अल्कोहोलसाठी बाजारात उभे होते. राज्याराज्यांचे परवाने आणि कर निराळे. त्यातून इथेनॉल करायचे ते फक्त शेवटच्या मळीपासून. परिणाम असा, की २०१३-१४ साली देशभरातले मिश्रण कसेबसे दीड टक्का होते. तंत्र हाताशी होते, पण दर आणि नियम नव्हते. मंदीने नवे तंत्र जन्माला घातले नाही. अडगळीत पडलेले तंत्र उचलायला तिने भाग पाडले, एवढेच.

३. तुकडे कोठून कोठून आले

एक तुकडा आपल्याच टाकाऊ मालातून आला. उसाचा रस आटवून साखर काढली की मळी, म्हणजे मोलॅसिस, उरते. ती पुन्हा शिजवून पुन्हा साखर काढतात. तिसऱ्या खेपेनंतर उरते ती सी मळी. दुसऱ्या खेपेलाच थांबलो तर ती बी हेवी. तिच्यात साखर जास्त राहते, म्हणून सी मळीच्या टनाला सुमारे सव्वादोनशे लिटर इथेनॉल निघते, तर बी हेवीच्या टनाला तीनशेच्या आसपास. पोत्यांत जाणारी साखर तेवढी घटते. पण गोदाम भरलेले असताना जादा साखर न करणे हाच फायदा असतो.

दुसरा तुकडा परक्या धंद्यातून आला. आसवनीतले स्पिरिट साधारण ९५ टक्के असते. उरलेले पाच टक्के पाणी कितीही उकळले तरी निघत नाही, आणि पेट्रोलला पाणी चालत नाही. त्यावर उपाय म्हणजे झिओलाइटचे दाणे. त्यांची छिद्रे इतकी बारीक, की पाण्याचा रेणू आत शिरतो, अल्कोहोलचा बाहेरच राहतो. हे दाणे नैसर्गिक वायू वाळवण्यासाठी आणि तेलशुद्धीकरणासाठी आधीपासून वापरात होते. साखर धंद्याने ते तिकडून घेतले.

तिसरा तुकडा आला तो वर्षानुवर्षे पोसलेल्या संस्थांतून. १९७५ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने पुण्याजवळ मांजरी येथे डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९८९ मध्ये तिला दादांचे नाव दिले. उसाच्या जातींपासून आसवनीपर्यंतचे शिक्षण आणि संशोधन तिथे चालते, आणि त्यासाठी सभासद कारखाने गाळलेल्या उसावर वर्गणी देतात. म्हणजे तुमच्या-आमच्या टनातूनच ती चालली. पुण्यातच १९८३ मध्ये प्राज ही आसवनीची यंत्रे उभारणारी कंपनी निघाली. २०१८ ला मागणी आली तेव्हा माणसे आणि यंत्रे इथेच तयार होती.

४. ब्राझीलचा दाखला

हेच सातासमुद्रापलीकडे घडले होते. १९७३ मध्ये खनिज तेल भडकले. १९७४ च्या अखेरीस साखरेचा जागतिक भाव शिखरावर जाऊन कोसळला. नोव्हेंबर १९७५ मध्ये ब्राझीलने प्रोअल्कूल ही योजना काढली आणि १९७९ पासून निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारी बाजारात आल्या. पण तिथेही आयात पेट्रोलमध्ये पाच टक्के अल्कोहोल मिसळण्याचा नियम १९३१ पासूनचा होता. चव्वेचाळीस वर्षे जुनी सवय मंदीत कामाला आली.

५. एक इशारा

इथेनॉल म्हणजे कायमचा तरणोपाय असे मानू नका. पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आणले. ते २०२४-२५ च्या हंगामासाठी उठले, पण दरम्यान ज्यांनी कर्ज काढून आसवनी वाढवल्या त्यांना हप्ते चुकले नाहीत. २०२३-२४ पासून धान्याचे इथेनॉल उसाच्या पुढे गेले आहे. २०२५ मध्ये मिश्रण वीस टक्क्यांवर पोहोचले. तेव्हा जुनी वाढ पुढे तशीच मिळेल असे धरून चालता येणार नाही. ब्राझीलमध्येही १९८९ च्या सुमारास अल्कोहोलचा तुटवडा पडून गिऱ्हाईकांचा विश्वास उडाला. तो परतला २००३ नंतर, दोन्ही इंधनांवर चालणारी मोटार आल्यावर.

६. मग आपण काय धडा घ्यावा?

सभेत एक प्रश्न नेहमी येतो, "संशोधन-बिंशोधन राहू द्या, आधी आमच्या उसाचं बिल द्या." हा प्रश्न रास्त आहे. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीचे पैसे मिळावेत हा कायदाच आहे, आणि बिल थकवून कोणतेही तंत्र आणू नये. पण चांगल्या वर्षी उरलेला प्रत्येक रुपया वाटून टाकला, तर वाईट वर्षी बिलही मिळत नाही आणि तंत्रही नाही. २०१८ मध्ये ज्यांची आसवनी उभी होती आणि हिशेब स्वच्छ होता, त्यांना बँकेने दारात उभे केले. बाकीच्यांनी धोरण नुसते पेपरात वाचले. बंद पडलेले धुराडे कसे दिसते, हे नाशिक जिल्ह्यात तरी सांगायला नको.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, पुढचे तंत्र आपण आज जे फेकतो त्यात शोधावे. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. तो उघड्यावर गेला तर विहिरी नासतात, बॉयलरमध्ये जाळला तर राखेतून पोटॅश मिळते. प्रेसमडपासून गॅस होतो. शेतात पेटवले जाणारे पाचट कुट्टी करून मातीत गेले तर खत होते. दुसरी, कारखान्यातले फिटर, केमिस्ट आणि शेतकी मदतनीस शेजारच्या धंद्यात काय चालले आहे ते पाहून यावेत. द्राक्षवाल्यांचे ठिबक आपल्यापासून दूर नाही. तिसरी, नवा प्रयोग लहान करावा, त्याचा खर्च आणि उत्पन्न सर्वसाधारण सभेपुढे मांडावे, आणि फसला तर तेही सांगावे.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. मनमाडची विहीर २००१ मध्ये खणली होती, पाणी २०१८ नंतर लागले. पुढची विहीर कोठे खणायची, हे सभासदांनी ठरवायचे आहे.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या कारखान्यातून कोणता माल आज फुकट जातो किंवा पैसे देऊन उचलावा लागतो?
(२) साखरेला चांगला भाव मिळालेल्या वर्षी टनामागे किती रक्कम प्रयोगासाठी बाजूला ठेवावी? तिचा हिशेब कोणी पाहावा?
(३) सरकारी धोरण एका रात्रीत बदलले, तर कर्जाचा हप्ता कोठून भरणार?

उत्तरे लिहून गट कार्यालयात द्यावीत. जय सहकार!